फाटकावरची सत्ता

माझ्या कपाटात सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांची एक फाईल आहे. तीत २३ मार्च २०२० या तारखेची एक सूचना असून तिच्याखाली सचिव म्हणून माझी सही आहे. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत घरकाम करणाऱ्या स्त्रिया, इस्त्रीवाले, वृत्तपत्र विक्रेते व अन्य बाहेरील व्यक्तींना आवारात प्रवेश मिळणार नाही. सभासदांनी नोंद घ्यावी.’ छत्तीस वर्षे टपाल खात्यात काढल्यामुळे असले मसुदे माझ्या हातवळणीचे आहेत. त्या दिवशी तो मसुदा मला विशेष नेटका वाटला होता, हेही कबूल केले पाहिजे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे आहेत. निम्म्याहून अधिक निवृत्तांची. मुले बंगळुरूला, नाहीतर सातासमुद्रापलीकडे. २५ मार्चला पाडवा होता. बाजारातून गाठी मिळाल्या नव्हत्या, कडुनिंबाची डहाळी आवारातल्याच झाडाची, तरी गुढ्या उभ्या राहिल्या. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले आणि सकाळची नऊची वेळ तरी सार्थकी लागू लागली. उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र होताच. तो भ्रमणध्वनीवरील आमच्या गटाने सोडविला. तेथे अखंड राजकारण चाले. दिल्लीचे काही चुकत नाही असे मानणारा एक पक्ष, मुंबईचे काही चुकत नाही असे मानणारा दुसरा. थाळीनाद करावा की नाही, दिवे लावावेत की नाही, मजुरांच्या हालांना केंद्र जबाबदार की राज्य, या प्रश्नांवर वर्षानुवर्षे एका जिन्यावर राहिलेले दोघे सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. मी पहिल्या पक्षाचा होतो. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता सज्जात उभे राहून देवघरातली घंटा मी मनापासून वाजविली होती आणि त्याचा मला आजही खेद नाही.

खेद निराळ्याच गोष्टीचा आहे. दिल्ली किंवा मुंबईच्या एकाही निर्णयात आमच्या शब्दाने काडीचा फरक पडणार नव्हता. जेथे पडणार होता ते ठिकाण म्हणजे आमचे फाटक. तेथे आमची सत्ता निरंकुश होती. आणि त्या सत्तेविषयी गटावर एका ओळीचीही चर्चा झाली नाही.

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशी चौदा वर्षांपासून येत होत्या. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत त्यांचे घर. २४ मार्चला सकाळी त्या नेहमीप्रमाणे आल्या आणि पहारेकऱ्याने त्यांना परत पाठविले. एप्रिलचा पगार बहुतेक सभासदांनी दिला. मे महिन्यात बऱ्याच घरांतून निम्माच निघाला. जूनमध्ये ‘काम नाही, तर दाम कसले?’ असे एका सद्गृहस्थाने गटावर लिहिले. त्यांना उत्तर देण्याऐवजी मीही मावशींचा पगार थांबविला. निर्बंध सैल होऊन घरकामाला परवानगी मिळाल्यावरही आमची सूचना फलकावर तशीच राहिली. ती काढायची कोणी आणि कशाला?

याच सुमारास आम्हा केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांवर एक आघात झाला होता. जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते शासनाने गोठविले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेला. पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. रेल्वेप्रवासातील ज्येष्ठांची सवलतही मार्च २०२० मध्येच गेली होती आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे परतली नाही. या दोन्ही अन्यायांविरुद्धच्या निवेदनांवर मी सह्या केल्या आहेत. मागणी रास्तच आहे. परंतु माझे मूळ निवृत्तिवेतन एकाही महिन्यात एक दिवसही उशिरा आले नाही. अठरा महिन्यांच्या थकबाकीचा हिशेब मी पैशापर्यंत मांडला होता. मावशींच्या थकबाकीचा हिशेब मांडण्याचे मात्र सुचले नाही.

या साथीत राज्य शासनाने १३ मार्च २०२० रोजी जो कायदा लागू केला, तो १८९७ चा. मुंबई इलाख्यात ग्रंथिज्वराची साथ पसरल्यावर इंग्रजांनी केलेला हा जेमतेम चार कलमांचा कायदा. पुण्याला त्या वर्षाची ओळख निराळी सांगायला नको. रँडच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घरात घुसत, सामानसुमान रस्त्यावर येई, देवघरे आणि माजघरे सारखीच तुडविली जात. रोगाने किती माणसे नेली, यापेक्षा झडतीवाले उंबरठ्याच्या आत कसे आले, तेच या शहराच्या स्मरणात राहिले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत जे घडले, ते त्याचेच पर्यवसान होते. मात्र त्याच वर्षाची दुसरीही एक आठवण आहे. लोकमान्य शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी ‘केसरी’तून झडतीतील अतिरेकाविरुद्ध लिहिले आणि रुग्णांसाठी रुग्णालयही उभारले. सावित्रीबाई फुले यांनी तर रुग्णांची सेवा करतानाच, १० मार्च १८९७ रोजी, त्याच रोगाने देह ठेवला.

१८९७ मध्ये नागरिकांना अधिकाऱ्यांपासून संरक्षण हवे होते. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने त्याच कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती केली, ती डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवकांना नागरिकांपासून संरक्षण देण्यासाठी! त्यांच्या राहण्याच्या जागी होणारा छळही तीत गुन्हा ठरविला गेला. ही बातमी वाचून ‘कुठे असतात असे लोक?’ असा उद्गार मी काढला होता. चारच दिवसांनी आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या बाईंविषयी माझ्याकडे अर्ज आला. त्यांनी उद्वाहन वापरू नये, अशी सात सभासदांची विनंती होती. महिन्यापूर्वी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या, त्यांच्यातल्याच त्या एक. मी त्या अर्जावर काहीच केले नाही. नकार लिहून देण्याचे धैर्य नव्हते. अर्ज ‘विचाराधीन’ ठेवला. आमच्या खात्यात ही युक्ती चांगली चालत असे. बाईंना तो कळला असावा, कारण त्या जिन्यानेच ये-जा करू लागल्या.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचे पथक आले, तेव्हा त्यातील बाईंनी आमचा ताप मोजण्यापूर्वी पहारेकऱ्यानेच त्यांचा मोजला. ऑक्टोबरात मद्यालये उघडली, देवालये मात्र बंद राहिली. ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, तोवर त्याविरुद्ध मी तावातावाने लिहीत होतो. लिहिले ते योग्यच होते. पण ज्या शासनाला मी जाब विचारीत होतो, त्याच्या बंदीहून माझी बंदी कडक होती.

नोव्हेंबर हा आमच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. त्या वर्षापासून टपाल खात्याने घरपोच सेवा सुरू केली होती. आपल्याच खात्याचा पोस्टमन यंत्र घेऊन दारी येणार, याचे मला कोण अप्रूप! तो आला आणि फाटकावर अडविला गेला. पहारेकऱ्याने फलकाकडे बोट दाखविले. मी खाली उतरलो आणि फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढून अंगठा दिला. जिवंत असल्याचा पुरावा असा गजांतून देताना मला प्रथमच ती सूचना बाहेरच्या बाजूने वाचता आली.

दुसऱ्या दिवशी मी ती काढली. मावशींना निरोप धाडला. पाच महिन्यांचा पगार पाकिटात घालून पुढे केला, तेव्हा त्यांनी तो मोजून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, “नोटिशीवर तुमचंच नाव होतं ना, काका? वॉचमननं वाचून दाखवली होती मला.” यावर मी काय बोलणार? त्या पूर्वीप्रमाणे कामाला येऊ लागल्या. पण चहा स्वयंपाकघरात बसून घ्यायच्या, तो आता आवारातल्या पायरीवर घेतात.

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही दोघे पती-पत्नी आजारी पडलो. मार्चमध्ये ज्येष्ठांसाठीची पहिली मात्रा, हडपसरलाच तयार झालेली, घेऊन झाली होती, तरी माझा प्राणवायू घसरला. रुग्णालयांत खाटा नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज रात्री ड्युटीवरून येताना दारात थांबत, आकडा विचारीत, पालथे झोपायला सांगत. नवव्या दिवशी आकडा सावरला. तो सात सह्यांचा अर्ज तेव्हाही माझ्या कपाटात ‘विचाराधीन’च होता. मी तो फाडला. पण त्याविषयी त्यांच्याशी बोलण्याचे आजवर जमलेले नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली, तेव्हा मी सचिव नव्हतो. नवे सचिव तरुण आहेत, संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी २०२० च्या सूचनेची प्रत नमुन्यासाठी मागितली. मी ती न देता नवा मसुदा करून दिला. मुखपट्टी बांधून व लस घेऊन येणाऱ्या कुणालाही अडवू नये, आणि कधी अडवावेच लागले तर तितक्या दिवसांचा पूर्ण पगार ज्याने त्याने द्यावा, हे पहिले वाक्य. त्यांनी मसुदा जवळपास जसाच्या तसा फलकावर लावला. पगाराचा मजकूर तेवढा उचलून खाली, बारीक टंकात, ‘टीप’ म्हणून घातला.