आधी रूळ बघा

आमच्या नातवाची खेळण्यातली आगगाडी मध्येच थांबते आणि बोटाने ढकलली की पुन्हा चालते. "इंजिन गेलं, नवीन मागवतो," मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी वही फाडतं का? बी.कॉम.ला एवढं तर शिकले होते!

या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, साधारण १२ व्होल्ट. एका रुळातून चाकामार्फत मोटरला, आणि दुसऱ्या रुळाने परत. मध्ये कुठे किटण चढलं किंवा जोड सैल झाला की वाट तुटते. नातवाला म्हटलं, गाडी थांबेल तिथे फरशीवर खडूने खूण कर. एकाच जागी थांबत असेल तर दोष रुळात, कुठेही थांबत असेल तर बहुधा चाकांत.

सात खुणा झाल्या, त्यातल्या पाच एकाच वळणावर! तिथला जोड सैल होता, तो पकडीने हलकेच दाबला. नवीन इंजिन आणलं असतं तर तेही तिथेच अडलं असतं. मग प्लग काढून रूळ आणि चाकं स्पिरिटच्या फडक्याने पुसली. सँडपेपर मात्र लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी धरतो. इंजिनाच्या आसाला गुंडाळलेला एक लांब केस निघाला, तो माझाच.

लहानपणी येडशीला बार्शी लाइटची गाडी मी पाहिली आहे. ते सांगितल्यावर नातवाने या इंजिनाला तेच नाव दिलंय. नवीन आता त्यालाच नको आहे.