साळुंकीचा अपराध कोणता?

आमच्या शाळेच्या कौलांत दरवर्षीं साळुंकी घरटें करिते, आणि मधल्या सुटींत मुलांच्या डब्यांतील पोळीचा तुकडा उचलतांना ती कोणाची परवानगी विचारीत नाहीं. तिच्या ह्या धिटाईचें आम्हांस कौतुकच वाटत आलें आहे. परंतु २००० सालीं जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांची जी यादी करण्यांत आली, तींत हिचेंहि नांव आहे, हें वर्गांत सांगतांच विद्यार्थ्यांस नवल वाटलें, व थोडा रागहि आला.

तो राग अगदींच अस्थानीं नव्हता. साळुंकी कांहीं आपल्या पंखांनीं समुद्र ओलांडून गेली नाहीं. मॉरिशस बेटांत अठराव्या शतकांत तिला टोळ खाण्यासाठीं नेलें; १८६५ सालीं हवाई बेटांत व १८८३ सालीं क्वीन्सलंडांतील उसाच्या मळ्यांत पिकांवरील किडे खाण्यासाठीं. किडे तिनें खाल्ले. पण फळेंहि खाल्लीं! शिवाय तिला घरट्यासाठीं ढोली लागते. ऑस्ट्रेलियांतील कित्येक पोपटांचाहि संसार ढोलींतच होतो, आणि तेथील वृक्षांस मोठी ढोली पडावयास शंभराहून अधिक वर्षें लागतात. आमची साळुंकी मात्र काटक्या, पिसें, कागद भरून ती एका दिवसांत बळकाविते.

सेशेल्स द्वीपसमूहांत आपल्या दयाळाचा एक भाऊबंद आहे. एके काळीं तो केवळ फ्रेगात ह्या लहानशा बेटावर, तोहि बोटांवर मोजण्याइतका, उरला होता. त्याचीं अंडीं साळुंक्या फोडीत. शेवटीं २०११ सालापर्यंत तेथील साळुंक्या सांपळे लावून व बंदुकीनें नाहींशा करण्यांत आल्या. हें वाचतांना आम्हांस वाईट वाटलें. तरी त्यास निर्दयपणा म्हणवत नाहीं. अपराध नेणारांचा, प्रायश्चित्त मात्र पांखरास, असा हा विपरीत न्याय आहे खरा. पण दयाळास दुसरें घर कोठें होतें?

हाच प्रश्न गेल्या नाताळांत आमच्याहि दारीं आला. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं, बाजारांत ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन पोपटांची जोडी शाळेच्या बागेंत मोकळी सोडण्याची इच्छा दर्शविली. हेतु दयेचाच होता. आम्हीं नको म्हटलें. तीं पांखरें जगलीं नसतीं तर कावळ्यांच्या तोंडीं पडलीं असतीं, आणि जगलीं असतीं तर कोणाच्या ढोलींत शिरलीं असतीं? वडिलांस तें पटलें. जोडी आतां मोठ्या पिंजऱ्यांत त्यांच्या ओटीवर आहे; मुलगा मात्र आमच्यावर अद्यापि रुसलेला आहे.