मधल्या सुटींतील पुस्तकें

शाळेंत आम्हीं चालविलेल्या वाचनमंडळाचें पुढें काय झालें, असें कित्येक वाचक भेटीअंतीं विचारतात. खरें सांगावयाचें तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तें बुडण्याच्या बेतांत होतें, आणि बुडविणारे आम्हीच होतों.

शाळा आमच्या घराजवळची, इंग्रजी माध्यमाची, मुलें सहावी-सातवींतलीं. मधली सुटी अर्ध्या तासाची. त्यांतील पंधरा मिनिटें डब्यांत जातात, हात धुवून येईपर्यंत आणखी दोन-तीन. उरलेलीं दहा-बारा मिनिटें तेवढीं मुलांच्या स्वतःच्या मालकीचीं. बाकीचा सारा दिवस शिक्षकांचा, शिकवणीचा आणि घरच्या वडील माणसांचा असतो. हें ठाऊक असूनही आम्ही पहिल्याच आठवड्यांत ह. ना. आपट्यांची 'उषःकाल' घेऊन गेलों. त्या कादंबरीनें आमचें स्वतःचें बालपण भारून टाकलें होतें. पण या मुलांना चार शब्द वाचून दाखवावे तों त्यांतल्या दोहोंचा अर्थ सांगावा लागे. शिवाय रोज शेवटीं आम्ही विचारीत असूं, "यावरून आपण काय शिकलों?" पहिल्या दिवशीं चौदा मुलें होतीं. ऑगस्टच्या अखेरीस चार उरलीं, आणि त्यांतील एक मुलगी बाहेर पाऊस होता म्हणून बसली होती. तिनेंच आम्हांस विचारलें, "काका, हा पण तासच आहे ना?"

त्या रात्रीं आम्हांस दानिएल पेनाक यांची आठवण झाली. हे फ्रेंच लेखक कित्येक वर्षें शाळेंत शिकवीत असत. 1992 सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यांनीं वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे, मधलीं पानें गाळण्याचा आहे, मुळींच न वाचण्याचाही आहे. आपल्याकडे ताटांत अन्न टाकूं नये तसें हातीं घेतलेलें पुस्तकही टाकूं नये, असा धाक असतो. आम्हीही त्याच धाकांत वाढलों, तेव्हां हें पचनीं पडावयास वेळ लागला. दुसऱ्या दिवशीं मुलांना सांगितलें, कीं पुस्तक तुम्ही निवडा आणि नको वाटेल तेथें सोडा.

निवडावयाचें कोठून? शाळेंत कपाट होतें, पण त्याला कुलूप होतें. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेंत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावें असें स्पष्ट म्हटलें आहे. किल्ली कोणाजवळ असावी हें मात्र त्यांत नाहीं. शि. रा. रंगनाथन यांनीं 1931 सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. पुस्तकें वापरण्यासाठीं असतात, हा त्यांतला पहिलाच. मुख्याध्यापिकाबाईंना आम्हीं एवढेंच विनविलें, कीं किल्ली मुलांच्या हातीं द्यावी, हरवेल तें आम्ही भरून देऊं. (आजवर एक पुस्तक हरवलें आहे. लोणच्याचे डाग पुष्कळ पडले आहेत.)

मुलांनीं कपाटांतून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला. प्रत एकच, म्हणून एकानें मोठ्यानें वाचावयाचें आणि बाकीच्यांनीं डबा खातां खातां ऐकावयाचें, असें ठरलें. फुरसुंगीचा हा सायकलवर हिंडणारा पोरगा खिशांत फोन नसतां चोरांच्या मागावर कसा राहतो, यावर तीन दिवस वाद चालला. तात्पर्य कोणी विचारलें नाहीं. प्रकरण रंगांत यावें आणि घंटा व्हावी. तेथेंच पुस्तक मिटावयाचें, हा आमचा एकच कडक नियम.

पण एका मुलाविषयीं लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सातवींतला, इंग्रजी घडाघडा वाचणारा. मराठी मात्र अक्षराला अक्षर लावून. वाचण्याची पाळी त्याच्यावर आली, तो एका जोडाक्षरापाशीं अडला आणि दोघे हंसले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. चूक आमची होती. पाळीनें वाचावयास लावणें हें वर्गांतलें वळण आम्हीं नकळत येथें आणलें होतें. तें तत्काळ बंद केलें. ज्याला वाचावेंसें वाटेल त्यानें पुस्तक मागून घ्यावें. परंतु गेलेल्या मुलाला परत कसें आणावें? मुद्दाम बोलावणें धाडलें असतें तर त्याला ती शिक्षाच वाटली असती. पंधरा दिवसांनीं नोंदवही कोणी ठेवावी असा प्रश्न निघाला, तेव्हां त्याचें नांव हंसणाऱ्यांपैकींच एकानें सुचविलें. त्याचें अक्षर चांगलें आहे म्हणून. तो आला, आणि कोणी काय नेलें हें दाराशीं बसून लिहूं लागला. वाचावयास त्यानें कधीं मागितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

दिवाळीनंतर त्याच्या आजी आम्हांस देवळांत भेटल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यामुळें त्यांचें वाचन बंद होतें. "घरांत अकरा माणसें आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण वाचून दाखवा म्हणून सांगायचें कोणाला? हा रात्रीं 'गोट्या' वाचून दाखवतो. अडला तरी मी शब्द सांगत नाहीं, नुसती थांबते. लावतो मग तोच." ना. धों. ताम्हनकरांचें तें पुस्तक त्यानें स्वतःच्याच नांवावर नोंदवून नेलें होतें, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें.

परवां आम्हीं ती नोंदवही चाळली. आमची 'उषःकाल'ची प्रतही आम्हीं कपाटांत ठेवून दिली होती. तिच्यापुढें सात वेळां 'अर्धवट सोडली' असा शेरा आहे. आठव्या ओळींत आमचें स्वतःचें नांव निघालें. पुन्हां एकदां वाचावी म्हणून आम्हीं ती घरीं नेली होती, आणि मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. मुलानें मान वर न करतां हात पुढें केला. "काका, दंडाचे दोन रुपये."