‘वारं गेलं’ म्हणून थांबू नका

कोथरूडमध्ये आमच्या शेजारच्या काकांचे तोंड सकाळी चहा पिताना वाकडे झाले, उजवा हात गळून पडला. “अंगावरून वारं गेलं,” असे म्हणत घरच्यांनी तेल चोळले, पाणी पाजले, ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहिली. दोन तास गेले. मीही तिथेच होतो. इंजिनिअर असून १०८ लावायचे सुचले नाही.

वारं नसते ते. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. ती विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणून घरी ॲस्पिरिन नको. पाणीही नको, ते फुप्फुसात जाऊ शकते. आणि रुग्णालय नुसते जवळचे नको, ही सोय चोवीस तास असलेले हवे. आपल्याला मेट्रोच्या वेळा पाठ असतात, हे मात्र ठाऊक नसते.

नंतर “आराम करू द्या” म्हणत काकांना महिनाभर पलंगावर ठेवले. खरे तर प्रकृती स्थिरावली की डॉक्टरांना विचारून एक-दोन दिवसांतच थोडे थोडे बसवायला, उभे करायला लागायचे. फिजिओथेरपी म्हणजे चैन नव्हे.

आमच्या फ्रिजवर आता त्या रुग्णालयाचा नंबर आहे. खाली लिहिलेय: ‘शेवटचे ठीक कधी होते?’ डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.