दुसरी संधी देतं कोण?

एक बाई असते. वय तिशी-पस्तिशीचं. घटस्फोट झालेला असतो, किंवा नवरा गेलेला असतो, किंवा लग्नाच्या आठ दिवस आधी कोणीतरी तिला सोडून गेलेलं असतं. ती शहरातली नोकरी सोडून समुद्रकाठच्या एका छोट्या गावात येते. तिथे आजीने तिच्या नावावर एक जुनं घर ठेवलेलं असतं. गावात एक बेकरी असते, पुस्तकांचं दुकान असतं, एक कुत्रा असतो. आणि घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायला येणारा एक कमी बोलणारा पुरुष असतो, ज्याला स्वतःचंही काहीतरी जुनं दुःख असतं. पुढचं सांगायला नको. मागच्या कव्हरवर तीन शब्द हमखास असतात: लव्ह, हीलिंग, सेकंड चान्स.

मी या कादंबऱ्या वाचते. भरपूर वाचते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पण आज मला भांडायचंय, आणि दोन्ही बाजूंशी भांडायचंय. या कादंबऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांशी आणि या कादंबऱ्यांशीसुद्धा. शेवटी थोडं घरच्यांशीही. ते हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच इथे लिहितेय.

आधी नाकं मुरडणारे. त्यांचा आक्षेप ठरलेला: "शेवट काय होणार ते पहिल्या पानावर कळतं." अहो, कळणारच! रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या केली, तिच्यात अटीच दोन: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. खुनाच्या कादंबरीत खुनी सापडतो म्हणून कोणी तक्रार करत नाही. गाणं ऐकायला बसलेल्याला समेची जागा माहीतच असते, तरी गवई तिथे कसा येतो यासाठी आपण मान डोलावतो ना? इथेही तेच. शेवट गोड आहे म्हणून पुस्तक हलकं ठरत नाही. गोड शेवटापर्यंत कोणत्या रस्त्याने आणलं, हे बघायचं असतं.

आणि ज्यांना 'अभिजात' या शब्दाशिवाय पुस्तक हातात धरवत नाही, त्यांनी जेन ऑस्टेनची 'पर्सुएशन' काढावी. ऑस्टेन जुलै १८१७ मध्ये गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही कादंबरी आली. ती शंभर टक्के 'सेकंड चान्स'ची कादंबरी आहे. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी तिने लेडी रसेलच्या सांगण्यावरून वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं, कारण त्याच्याकडे पैसा नव्हता. आता तो नौदलातला कॅप्टन आहे, शत्रूची जहाजं पकडून पंचवीस हजार पौंड कमावून परत आलाय. म्हणजे कव्हरवर टाकायचा सगळा मालमसाला हजर.

पण ऑस्टेन काय करते बघा. वेंटवर्थ ॲनला 'बरी' करत नाही. बराच काळ तो तिच्याशी धड बोलतही नाही. ॲनच्या चेहऱ्यावरचा गेलेला तजेला परत येऊ लागतो तो लाइमच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाऱ्याने, चालण्याने, स्वतःच्या बुद्धीला साजेशी माणसं बोलायला मिळाल्याने. प्रेमाची कबुली नंतर येते. शिवाय गेलेली आठ वर्षं कोणी पुसून टाकत नाही. ती गेली ती गेलीच. आणि एक कोपरा तर आपण वाचताना विसरूनच जातो: ॲनची मैत्रीण मिसेस स्मिथ. विधवा, आजारी, पैशाने पार खचलेली. शेवटी तिलाही दुसरी संधी मिळते, पण ऑस्टेन तिच्यासाठी नवरा शोधत नाही. वेस्ट इंडिजमध्ये अडकलेली तिच्या नवऱ्याची मिळकत तिला परत मिळवून देते. पत्रं लिहून, खटपट करून! याला म्हणतात संधी.

आता आजच्या कादंबऱ्यांशी भांडण. त्यांचा गोड शेवट मला खोटा वाटत नाही. खोटं वाटतं ते 'प्रेमाने माणूस बरा होतो' हे गृहीत. आपल्या भाषेत जखम 'भरून येते'. कोणी ती भरत नाही. आतून, हळूहळू, खपली धरत येते. बाहेरच्यांनी करायचं ते एवढंच, की खपली काढायची नाही, वेळेवर जेवायला वाढायचं, आणि घराचं भाडं या महिन्यात कसं भरायचं याची सोय बघायची. या कादंबऱ्यांत मात्र छप्पर दुरुस्त करणारा पुरुष हाच मलम असतो. आणि भाडं? ते आजीच्या घरामुळे आधीच सुटलेलं असतं. ते घर काढून घ्या आणि मग ती कादंबरी लिहून दाखवा, असं मला दर वेळी म्हणावंसं वाटतं.

याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. त्यात जखमी असतो तो पुरुष. रागीट, तुसडा, अपमान करणारा, आणि तिच्या प्रेमाने तीनशे पानांत निवळणारा. जुन्या मिल्स अँड बूनची कितीतरी पानं याच माणसाने अडवली होती. गोष्ट म्हणून चालेल हो. पण 'तो बदलेल' या आशेवर वर्षानुवर्षं काढलेल्या बायका आपण सगळ्यांनी बघितल्यात. त्यांना आणखी तीनशे पानांची गरज नाही.

म्हणूनच कॉलीन हूवरच्या 'इट एंड्स विथ अस'बद्दल (२०१६) मला आदरही वाटतो आणि चीडही येते. लिलीचा बाप तिच्या आईला मारायचा. लिलीचा डॉक्टर नवरा रायल तिला मारतो. मुलगी जन्मल्यावर लिली ठरवते की हे इथेच थांबेल, आणि त्याला सोडते. म्हणजे ही दुसरी संधी नाकारण्याची कादंबरी आहे. हे धाडस मोठं आहे. पण मला खरं बळ दिसतं ते दुसरीकडे. लिली माहेरी येते तेव्हा तिची आई तिला 'जुळवून घे' म्हणत नाही, माझ्यासारखं करू नकोस म्हणते. आणि रायलची सख्खी बहीण अलिसा, म्हणजे लिलीची नणंद, तिला बजावते: बहीण म्हणून वाटतं तू त्याला माफ करावंस, पण मैत्रीण म्हणून सांगते, परत घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस. नणंद! आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये जिच्या नावाने इतकी बोटं मोडली गेली ती नणंद. लिलीला दुसरी संधी दिली ती या दोघींनी.

आणि लोकांना लक्षात काय राहतं? अ‍ॅटलस. जुना प्रियकर, हॉटेलवाला, समंजस, वाट बघत थांबलेला. २०२२ मध्ये दुसरा भाग आला तो त्याच्याशी संसार थाटायला. जानेवारी २०२३ मध्ये तर या पुस्तकावर रंग भरायची वही काढायचं जाहीर झालं होतं. मारहाणीच्या गोष्टीवर रंगीत पेन्सिली! वाचकांनी झोडपल्यावर ती रद्द झाली. पण सुचली कशी, हा प्रश्न उरतोच. ती सुचते, कारण धंद्याला जोडपं विकता येतं. आई आणि नणंद विकता येत नाहीत.

खरं तर हा विषय आपल्याला अमेरिकेतून आणायची गरज नव्हती. मराठी कादंबरीचा जन्मच यातून झाला. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, विधवांच्या दुःखावरचं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू तर कायदा होऊन तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर आलेली, तरी तिच्या वाट्याला संधी आली नाही, केशवपन आलं. कारण कायदा कागदावर होता आणि घरात सासर होतं. त्या कायद्यातही मेख होती: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे. संधी हवी असेल तर घर सोडा! आजीचं घर नावावर असलेल्या नायिकेला हे कोण सांगणार?

भाषाही बघा. पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला 'बिजवर' हा साधा शब्द, घोड्यावर बसायला मोकळा. बाईच्या दुसऱ्या लग्नाला उच्चवर्णीयांत शब्दच नाही. आणि ज्या अनेक जातींत ते चालत होतं तिथेही ते 'लग्न' नव्हतं, 'पाट' होता. दुय्यम, आवाज न करता उरकायचा.

आणि जिथे खरोखर संधी मिळाली तिथली गोष्ट कशी होती? १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा. पण लग्नाच्या आधी त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. आणि त्यांचा भाऊ कर्व्यांचा मित्र होता, पाठीशी उभा होता. लग्नानंतर मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी शाळा, मग भाऊ, मग नवरा, आणि बिल शेवटी बहिष्काराचं. या गोष्टीत प्रेम, हीलिंग, सेकंड चान्स सगळं आहे. फक्त ते दोघांपुरतं नाही.

हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला, तो मे २०२२ मध्ये. त्या बाईला दुसरी संधी हवी होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. गावाने आधी तिच्या अंगावरचा हात काढायचं ठरवलं. एकही प्रेमप्रसंग नसलेली ही बातमी मला दहा कादंबऱ्यांपेक्षा जास्त आशादायक वाटली.

आता घरच्यांकडे येते. (जिच्याबद्दल लिहितेय तिला विचारून लिहितेय.) आमच्या नात्यातली एक बाई, वय चोपन्न. नवरा जाऊन सात वर्षं झाली. तिने एका विधुर गृहस्थांशी लग्न करायचं ठरवलंय. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागलीय. आणि आमच्या घरातल्या ज्या बायका बेकरी-कुत्रा-समुद्रवाल्या कादंबऱ्या वाचून डोळे पुसतात, मला रात्री अकराला मेसेज करतात की 'शेवटी भेटले गं दोघं!', त्याच आता विचारतायत: या वयात? मुलांना काय वाटेल? फ्लॅटचं काय? सोबतच हवी तर भिशी आहे, सहली आहेत.

फ्लॅटचं उत्तर सोपं आहे. १८५६ चा जमाना गेला. नवऱ्याच्या मागे तिच्या नावावर आलेला वाटा पुन्हा लग्न केल्याने जात नाही. मुलांना काय वाटतं ते मुलांनी सांगितलंय, मुलगीच धावपळ करतेय. उरला 'या वयात?'. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, उलट प्रश्न आहे. पुस्तकातल्या पस्तिशीच्या परक्या बाईला तुम्ही दुसरी संधी देता, कारण तिला ती देताना तुम्हाला काहीच द्यावं लागत नाही. तिच्या हळदीकुंकवाला जायचं की नाही हे ठरवावं लागत नाही. शेजारी विचारतील तेव्हा तिचं नाव नीट घ्यावं लागत नाही. तिच्या नव्या नवऱ्याला पंगतीत कुठे बसवायचं, त्याला काय म्हणून हाक मारायची, असले प्रश्न पडत नाहीत. अश्रू फुकट असतात हो.

कादंबऱ्या सोडा असं मी म्हणत नाही. मीही सोडणार नाहीये. फक्त पुढची वाचाल तेव्हा त्या दोघांवरून नजर थोडी बाजूला घ्या. घर कोणी दिलं? मूल कोणी सांभाळलं? दारात कोण उभं राहिलं? ज्या लेखिकेला याची उत्तरं माहीत आहेत तिचा शेवट कितीही गोड असो, मी विश्वास ठेवीन. माहीत नसतील, तर छप्पर दुरुस्त करणारा कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

असो. बरंच झालं. एक व्यवहाराची गोष्ट सांगते आणि थांबते. विशेष विवाह कायद्यात नुसते वधू-वर पुरत नाहीत, तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. दोन ठरलेत: तिची मुलगी आणि मी. तिसरी सही तिच्या नणंदेने करावी अशी तिची इच्छा आहे. वन्सं हे वाचतात. तारीख त्यांना कळवलेली आहे.