इराण्याचा चहा आणि आपले हळवेपण

'इराणी हॉटेल' म्हटले की मराठी ललितलेखक हळवा होतो: संगमरवरी टेबल, बनमस्का, एका चहावर काढलेली दुपार. पिपरी मेघेत राहून आम्हीही वर्गात ही उसनी आठवण कौतुकाने शिकवतो. पण तीत इराणी कुठे आहे? इराणातून आलेल्या, बहुतांशी झोरोस्ट्रियन कुटुंबांनी ही हॉटेले चालवली. मुंबईचे 'कयानी' १९०४चे, पुण्याचे 'गुडलक' १९३५चे. गल्ल्यावर म्हातारा झालेला तो माणूस आपल्या गद्यात केवळ नेपथ्य ठरतो. गिऱ्हाइकाची आठवण म्हणजे हॉटेलचा इतिहास नव्हे. मुलांनी गल्ला का नाकारला, हे न विचारता बंद हॉटेलासाठी ढाळलेले अश्रू स्वतःच्या तारुण्यासाठीच असतात. त्यांना सांस्कृतिक स्मरण म्हणू नये.