बीपी जास्त, मग त्रास का नाही?

"डॉक्टर, मला काहीच त्रास नाही. मग गोळी कशाला?" सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न रोज ऐकू येतो. विचारणाऱ्याचा रक्तदाब असतो १७०/१००. आठवड्याभराने तोच रुग्ण सांगतो, "गोळी घेतली की गरगरतं, म्हणून बंद केली." या दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकाच कारणातून येतात आणि नेमके तेच रुग्णाला सांगितले जात नाही.

मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत चेतातंतूंची सूक्ष्म टोके असतात. दाब वाढून धमनीची भिंत ताणली गेली की ती ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठाला, खबर देतात. तिथून लगेच हुकूम सुटतो. व्हेगस चेता हृदयाचे ठोके मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात. दाब घटला की याच्या नेमके उलटे होते. म्हणून तर अंथरुणातून ताडकन उठणारा माणूस सहसा कोसळत नाही.

पण दाब दीर्घकाळ चढाच राहिला, तर ही यंत्रणा त्यालाच नेहमीचा मानू लागते. मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांनी १९५६ मध्ये उच्च रक्तदाब असलेल्या कुत्र्यांच्या चेतांमधले संदेश नोंदवून हे दाखवले होते. हा बदल काही धमनीतल्या टोकांत होतो, काही ब्रेनस्टेममध्ये. त्यामुळे १७० ला शरीर कुरकुरत नाही. गोळीने तो १३० वर आला की मात्र कमी पडल्यासारखे वाटते. औषध बेताबेताने वाढवले तर बहुतेकांची यंत्रणा काही आठवड्यांत नव्या पातळीला रुळते. घाई मात्र अंगाशी येते. एकेकाळी निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडून दाब झटपट उतरवत. त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्यावर ती पद्धत मागे पडली.

ब्रेनस्टेमने जुळवून घेतले तरी मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या झिजतच राहतात. कित्येकांची पहिली 'तक्रार' थेट पक्षाघाताचीच असते.

श्वासाची सूत्रेही याच देठाकडे. श्वास सोडताना हृदय किंचित मंदावते. इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये निरोगी माणसांवर पाहिले, की जपमाळेची प्रार्थना असो वा 'ओम मणि पद्मे ओम', मिनिटाला साधारण सहा श्वास झाले की दाब सांभाळणारी ही यंत्रणा अधिक तत्पर होते. प्राणायाम जरूर करावा; पण गोळीच्या जोडीने, तिच्याऐवजी नव्हे.

ओपीडीतली गर्दी खरी आहे. तरीही चिठ्ठी लिहून हातात देणे म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टरांना वेळ नसेल तर परिचारिकेने सांगावे, औषधाच्या खिडकीवरही सांगता येईल: सुरुवातीला गरगरू शकते. उठताना आधी बसा, मग उभे राहा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, येऊन दाब मोजून घ्या. डोस जास्त झाला असेल तर तो डॉक्टर कमी करतील. आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या.